दुकानात खुललं, उन्हात उतरलं: मेकअप आणि परफ्यूम घेताना काय बघायचं

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर एका प्रश्नाने ठाण मांडलं: शॅम्पू स्वस्त झाला, पावडर स्वस्त झाली, मग लिपस्टिक आणि सेंट का नाही? सोलापूरच्या नव्या पेठेत कुठल्याही दुकानात विचारा, दुकानदार थेट दिल्लीकडे बोट दाखवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

कराचं गणित तसं दोन मिनिटांत समजतं. ते खाली दिलंच आहे. पण करामुळे शंभराच्या वस्तूमागे दहा-तेरा रुपये इकडचे तिकडे होतात. शेड चुकला किंवा परफ्यूम दुपारपर्यंत उडून गेला, तर सगळेच पैसे पाण्यात. सोलापुरात हे जास्त होतं, कारण या वस्तू विकल्या जातात त्या हवेत आणि वापरल्या जातात त्या हवेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुकानात एसी आणि छतभर पांढरे दिवे. बाहेर मे महिन्यात 42-43 अंश, कोरडी हवा आणि गाडीवर बसलं की तोंडावर येणारी झळ. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: वस्तू दुकानात लावून बघा, घ्यायची की नाही ते बाहेर येऊन ठरवा.

आधी कराचं उरकून घेऊ

शॅम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट, अंगाच्या साबणाची वडी, टाल्कम आणि फेस पावडर, दाढीचं क्रीम, आफ्टरशेव्ह या वस्तूंवर पूर्वी 18 टक्के कर होता, तो 5 टक्के झाला. रोज लागणाऱ्या वस्तू, असा त्यामागचा विचार. लिपस्टिक, फाउंडेशन, नेलपॉलिश, मॉइश्चरायझर, परफ्यूम, डिओ हे मात्र 18 टक्क्यांवरच राहिले. वडीचा साबण 5 टक्क्यांत आला, पंपाच्या बाटलीतला साबण 18 मध्येच राहिला. कुंकू, टिकली, सिंदूर, आळता यांवर कर नाही. काजळावरही नाही, पण काजळाची पेन्सिल घेतली तर 18 टक्के. डबीतलं काजळ परंपरा आणि पेन्सिलीतलं काजळ मेकअप, असा काहीसा न्याय त्यात दिसतो.

कर 13 टक्क्यांनी उतरला म्हणजे किंमत 13 टक्क्यांनी उतरते असंही नाही. मूळ किंमत 100 असेल तर करासह 118 पडायचे, आता 105 पडतात. म्हणजे छापील किंमत साधारण 11 टक्क्यांनी कमी व्हायला हवी. तेवढी झाली नसेल तर दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

परफ्यूमच्या बाटलीवरची अक्षरं

परफ्यूम म्हणजे सुगंधी तेलांचं मिश्रण अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं, सोबत थोडं पाणी. तेल किती टक्के आहे यावरून नावं पडतात. सगळ्यात दाट ‘पार्फम’ किंवा ‘एक्स्ट्रे’, त्यात साधारण 20 ते 30 टक्के तेल. त्याखाली ‘ओ द पार्फम’, म्हणजे ई.डी.पी., 15 ते 20 टक्के. मग ‘ओ द ट्वालेत’, ई.डी.टी., 5 ते 15 टक्के. ‘ओ द कोलोन’ 2 ते 5 टक्के, आणि बॉडी मिस्ट त्याहूनही पातळ. ही फ्रेंच नावं कुणाला अस्खलित उच्चारता येत नाहीत, त्याची लाज बाळगू नका. काउंटरवरची मुलगीही ‘ईडीपी पाहिजे का ईडीटी?’ असंच विचारते.

हे आकडे कायद्याने ठरलेले नाहीत, धंद्यातला रिवाज आहे. एका कंपनीची ई.डी.टी. दुसरीच्या ई.डी.पी.पेक्षा जास्त टिकू शकते, कारण तेल किती आहे याइतकंच ते कसलं आहे हेही महत्त्वाचं. तरी अंदाज बांधायला ही अक्षरं उपयोगी पडतात. 100 मिलीची ई.डी.टी. आणि 50 मिलीची ई.डी.पी. एकाच भावात असली तर हात आपोआप मोठ्या बाटलीकडे जातो. पण पहिलीत 8 टक्के तेल धरलं तर 8 मिली सुगंध आहे, दुसरीत 18 टक्के धरलं तर 9 मिली. मोठ्या बाटलीत जास्तीचं आहे ते अल्कोहोल आणि पाणी.

एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली द्रव बाहेर पडतो. म्हणजे 10 मिलीच्या छोट्या बाटलीत शंभरेक फवारे. एखादा वास आपल्याला खरोखर मानवतो का हे कळायला तेवढे पुष्कळ झाले. नवा परफ्यूम पहिल्यांदा घेताना छोटी बाटली मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मिलीमागे ती महाग पडते, पण कपाटात पडून राहिलेल्या 100 मिलीच्या बाटलीपेक्षा स्वस्तच.

पहिला वास फोडणीचा

फोडणी दिली की हिंग-मोहरीचा वास अख्ख्या घरात पसरतो आणि जेवायला बसेपर्यंत विरलेला असतो. पानात उरते ती आमटीची चव. परफ्यूमचंही असंच असतं. त्यातले हलके रेणू आधी उडतात: लिंबू, संत्रं, पुदिना यांच्यासारखे वास. ते पाच-पंधरा मिनिटांत सरतात. त्यांना ‘टॉप नोट’ म्हणतात. मग गुलाब, मोगरा, मसाल्यांसारखे मधले वास वर येतात आणि काही तास राहतात. शेवटी उरतात ते जड रेणू: चंदन, ऊद, कस्तुरीसारखे, व्हॅनिला. संध्याकाळी तुमच्या अंगाला येतो तो वास यांचा.

आता दुकानात काय होतं बघा. कागदाच्या पट्टीवर फवारा मारतात, आपण लगेच हुंगतो, ‘वा’ म्हणतो आणि पैसे काढतो. म्हणजे आमटी चाखण्याआधीच फोडणीवर भाळून ताटाचे पैसे मोजले. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून पहिल्या पाच मिनिटांचा वास मोहक ठेवण्यावर त्या भरपूर मेहनत घेतात.

उपाय साधा आहे. कागदावर तीन-चार वास बघा, त्यातले दोन निवडा. एक डाव्या मनगटावर, दुसरा उजव्या. मग दुकानातून बाहेर पडा. बाजारातली बाकीची कामं उरका, चहा घ्या, सिद्धेश्वरांच्या दर्शनाला जाऊन या. तासाभराने मनगट हुंगा, घरी पोचल्यावर पुन्हा हुंगा. संध्याकाळीही आवडला तर दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या. ‘आजच्या दिवस ऑफर आहे ताई’ असं सांगतील. सांगू द्या. त्या ऑफरी पुन्हा येतात.

मनगटावर मनगट घासायची सवय मात्र सोडावी. घासल्याने रेणू ‘चिरडतात’ असं काही नाही, पण घर्षणाने ऊब येते आणि पहिले हलके वास आणखी लवकर उडतात.

कॉफीच्या बिया हुंगून नाक ताजं होतं का?

मोठ्या दुकानांत काउंटरवर कॉफीच्या बियांची वाटी ठेवलेली असते. मध्ये मध्ये ती हुंगली की नाक पुन्हा कामाला लागतं, असा समज आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कॉफी, लिंबू आणि नुसती हवा यांची तुलना केली गेली. कॉफीचा साध्या हवेपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. नाक एकाच वासाला सरावतं आणि त्याची दखल घेणं थांबवतं. त्यावर उतारा म्हणजे दुकानाबाहेर जाऊन दोन मिनिटं मोकळा श्वास घेणं. तेही नको असेल तर स्वतःच्याच कोपराच्या खोबणीत, जिथे काही लावलेलं नाही, नाक खुपसावं.

‘आमच्या सोलापुरात कुठलाच परफ्यूम टिकत नाही, मग महागाचा कशाला?’

या तक्रारीत तथ्य आहे. तापमान वाढलं की रेणू लवकर उडतात. जो वास महाबळेश्वरला सहा तास पुरेल तो इथे एप्रिलमध्ये चार तासांतच मान टाकतो. त्यात इथली हवा कोरडी, त्वचाही कोरडी. तेलकट त्वचा सुगंध धरून ठेवते, कोरडी त्वचा सोडून देते.

पण तक्रारीचा उरलेला भाग आपल्याच नाकाचा आहे. सकाळी लावलेला वास अकरापर्यंत आपल्याला येईनासा होतो आणि आपण म्हणतो, उडाला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मात्र तो येतच असतो. म्हणून पुन्हा फवारा मारण्याआधी कुणाला तरी विचारा. सिटी बसमध्ये किंवा लग्नाच्या मांडवात वासाने डोकं उठवणारी माणसं भेटतात, त्यातली निम्मी तरी असंच ‘उडाला’ म्हणून तिसऱ्यांदा फवारून आलेली असतात.

टिकवायचं असेल तर आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा चक्क व्हॅसलिनचं बोट लावून त्यावर परफ्यूम मारा. सुती कपड्यावर वास त्वचेपेक्षा जास्त वेळ राहतो. रेशमी साडीवर किंवा इरकलीवर मात्र थेट मारू नका, डाग पडू शकतो. उन्हाळ्यात फार गोड, जड वास टाळलेले बरे. उकाड्यात आणि घामात ते आणखी भडकतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला जाताना जो ऊद छान वाटतो, तोच मे महिन्यात भर दुपारी शेजाऱ्याला नकोसा होतो.

दोन गोष्टी इथल्या उन्हामुळे खास सांगायला हव्यात. बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या तेलात एक घटक असतो. तो त्वचेवर असताना कडक ऊन पडलं तर तिथे तपकिरी डाग उठू शकतात. गळ्यावर ओघळासारखा पट्टा दिसतो. नावाजलेल्या कंपन्या बहुतेक वेळा तो घटक काढून टाकलेलं तेल वापरतात. सुट्या, बिननावाच्या तेलांची खात्री कोण देणार? उन्हात फिरायचं असेल तर मानेवर लावण्याऐवजी कपड्यावर लावा. दुसरी गोष्ट म्हणजे गाडीच्या डिकीत परफ्यूमची बाटली ठेवू नका. अल्कोहोल ज्वालाग्राही असतं आणि डिओच्या डब्यात तर दाबाखालचा वायू. आग लागली नाही तरी उष्णतेने आणि उजेडाने सुगंध बिघडतोच. बाथरूमच्या खिडकीतही नको. कपाटातला अंधारा कप्पा उत्तम.

अत्तराचं काय?

विजापूर वेशीजवळ रमजानच्या दिवसांत फिरलात तर हाताच्या पाठीवर कुणीतरी काचेच्या काडीने अत्तराचा थेंब लावतोच. अत्तरात अल्कोहोल नसतं. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला पारंपरिक पद्धतीने फुलं तांब्याच्या देगेत उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. तेल जड असल्याने वास लांबवर पसरत नाही, पण अंगाजवळ बराच वेळ राहतो. सोलापूरच्या हवेला हा प्रकार चांगला मानवतो.

पण खऱ्या चंदनाचं तेल इतकं महाग आहे की शे-दोनशेच्या कुपीत ते असण्याची शक्यता जवळपास नाही. तिथे दुसरं तेल आणि कृत्रिम सुगंध असतो. कृत्रिम म्हणजे वाईट असं नव्हे. महागड्या परदेशी परफ्यूममध्येही कृत्रिम रेणू भरपूर असतात. फक्त ‘शुद्ध चंदन’ म्हणून पैसे मोजू नका. ‘अमक्या ब्रँडसारखा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलांचंही तेच. पहिला वास हुबेहूब जमवणं सोपं असतं, चार तासांनंतरचा जमवणं अवघड. मनगटाची परीक्षा इथेही तीच.

फाउंडेशन: हातावर काय बघता, जबड्यावर बघा

आता चेहऱ्याकडे. हाताचा आणि चेहऱ्याचा रंग एक नसतो, हे स्कार्फ आणि हातमोजे घालून गाडी चालवणाऱ्या सोलापूरच्या मुलींना वेगळं सांगायला नको. म्हणून जवळजवळच्या तीन शेडच्या बोटभर पट्ट्या जबड्याच्या कडेला, गाल आणि मान यांच्या मध्ये ओढायच्या. जी पट्टी दिसेनाशी होते तो तुमचा शेड.

शेडमध्ये दोन गोष्टी असतात. किती गडद, हे सगळ्यांना कळतं. दुसरी गोष्ट ‘अंडरटोन’, म्हणजे त्वचेच्या खालून डोकावणारी छटा: पिवळसर, गुलाबीसर, हिरवट किंवा मधली. आपल्याकडे पिवळसर आणि हिरवट छटा पुष्कळ आढळतात. त्यावर गुलाबीसर फाउंडेशन बसलं की चेहरा राखाडी, राख फासल्यासारखा दिसतो. लग्नाच्या फोटोंत चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्याच, हे बहुतेकदा यामुळेच. त्यात एक शेड उजळ घ्यायचा मोह पडतो आणि विकणारेही ‘एक टोन ब्राइट घ्या, खुलून दिसाल’ म्हणतात. तो सल्ला खुशाल धुडकावा. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या बघून छटा ओळखायची युक्ती सांगतात, ती गडद त्वचेवर नीट चालत नाही. जबड्यावरच्या पट्ट्या जास्त खऱ्या बोलतात.

दुकानातले दिवे हा दुसरा फितूर. थंड पांढऱ्या दिव्याखाली पिवळी छटा दबते, पिवळसर दिव्याखाली त्वचा गुळगुळीत भासते. एकाच उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. साडीला ब्लाउज पीस जुळवताना आपण कापड घेऊन दुकानाच्या दारात येतो की नाही? चेहऱ्यासाठीही दारात या. उन्हात नको, सावलीतल्या उजेडात. फोनच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका, तो स्वतःच रंग बदलतो.

तेवढ्याने भागत नाही, अर्धा तास थांबावंही लागतं. बरीच फाउंडेशन्स लावल्यावर गडद होतात. काउंटरवर याला ‘ऑक्सिडाइज होणं’ म्हणतात. त्यातले उडून जाणारे द्रव उडतात, त्वचेचं तेल रंगद्रव्यात मिसळतं आणि रंग अर्धा-एक शेड खाली उतरतो. घामाने आणि तेलाने हे वाढतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातले चार महिने तरी. एसीत दहा मिनिटांत घेतलेला निर्णय इथे हमखास फसतो.

फाउंडेशनवर ‘एसपीएफ 15’, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण याचा आकडा, छापलंय म्हणून सनस्क्रीन वगळू नका. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम एवढा जाड थर लावतात. तेवढं फाउंडेशन चेहऱ्यावर थापलं तर तमाशातल्या सोंगाड्यासारखे दिसाल. आधी सनस्क्रीन, मग बाकीचं.

लिपस्टिकबद्दल थोडक्यात. मॅट प्रकारात रंगद्रव्य जास्त आणि तेल-मेण कमी, म्हणून टिकते पण कोरड्या हवेत ओठ फाटतात. क्रीमच्या प्रकारात उलट, आणि ती उन्हात डिकीत ठेवली तर वितळते. दुकानातला टेस्टर, म्हणजे लावून बघायला उघडा ठेवलेला नमुना, ओठांना लावू नका. आधी कुणी लावला असेल याचा पत्ता नसतो आणि ओठांवरच्या तापाच्या पुळ्यांचा विषाणू अशा सामायिक वस्तूंवरून पसरू शकतो. बोटाच्या टोकावर लावून बघा, बोटाच्या टोकाचा रंग ओठांच्या रंगाला बराच जवळचा असतो.

खोक्याची मागची बाजू

पुढची बाजू जाहिरातीची, मागची कायद्याची. भारतात कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे मागे काही गोष्टी छापाव्याच लागतात: बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, वापरायची मुदत, घटकांची यादी. परदेशातून आलेली वस्तू असेल तर आयात करणाऱ्याचा भारतातला पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक, जो ‘आर. सी. नंबर’ म्हणून छापलेला असतो. त्याखेरीज सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक सेवेचा फोन.

परदेशी ब्रँडची लिपस्टिक निम्म्या किमतीत मिळतेय, पण खोक्यावर आयातदाराचा पत्ताच नाही, तर ती एक तर चोरवाटेने आलेली आहे किंवा बनावट आहे. दोन्ही बाबतींत काही झालं तर दाद मागायला माणूसच नाही. यात्रेतल्या पालावरची लिपस्टिक असो की ऑनलाइन मागवलेली, उलटून बघायला पाच सेकंद लागतात.

घटकांच्या यादीत सगळ्यात जास्त असलेली गोष्ट आधी येते. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून पुढे केशर आणि चंदनाचं मोठं चित्र आणि मागे ते नाव तळाशी, असं दिसलं की त्याचं प्रमाण काय असेल ते समजा. नुसतं ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असा शब्द दिसला तर त्या एका शब्दात डझनावारी सुगंधी घटक असू शकतात. पूर्वी कधी अंगावर पुरळ उठलं असेल तर तो शब्द नसलेली वस्तू शोधा.

बऱ्याच डब्यांवर उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात 6, 12 किंवा 24 आकडा असतो. उघडल्यानंतर इतके महिने वापरा, असा त्याचा अर्थ. मस्कारा तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा, कारण त्याची कांडी रोज डोळ्याजवळून पुन्हा नळीत जाते. सेलमध्ये ‘एकावर दोन’ मिळालेले मस्कारे दोन वर्षं पुरवू नका.

गोरं करणारी डबी

इथे मात्र थट्टा सोडून बोलतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांकडे 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण आले. त्यातल्या 15 जणांत त्या आजाराचा एक विरळ प्रकार आढळला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं सांगितलं. संशय पाऱ्यावर होता. पारा त्वचेतला रंग तयार होण्याची प्रक्रिया रोखतो, म्हणून चेहरा खरंच लवकर उजळतो. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची तब्येत सुधारली.

आपल्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही, नकळत आलेलाही दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे धोका आहे तो बिनलेबलच्या, चोरून आणलेल्या किंवा कुणीतरी ‘घरी बनवलेल्या’ डब्यांत.

दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा. ही औषधं आहेत. 2018 मध्ये अशा बऱ्याच मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत टाकलं गेलं. तरी मैत्रिणीच्या सांगण्यावरून ट्यूब आणली जाते, आठ दिवसांत चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाली आणि पुरळ येतं, आणि बंद केलं की भडका उडतो. उजळपणा आठवड्याभरात दिसला तर खूश होण्यापेक्षा घाबरावं, हे सांगताना मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही.

‘पण हे नैसर्गिक आहे, याने काय होणार?’

नैसर्गिक असणं आणि सुरक्षित असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वर सांगितलेलं बर्गमॉटचं तेल नैसर्गिकच आहे. चेहऱ्यावर थेट लिंबू चोळून उन्हात गेलात तरी डाग पडू शकतात. पंढरपूरला कुंकवाचे ढीग लावलेले असतात, डोळे निवतात बघून. हळदीला चुन्यासारखं अल्कली मिळालं की लाल रंग येतो, ही जुनी रीत. पण बाजारातल्या सुट्या कुंकवात कृत्रिम रंगही असतात आणि काहींना त्याने कपाळावर खाज, काळपटपणा येतो. ढिगावर लेबल नसतं. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काही बायकांच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञ अनेक वर्षं बघत आले आहेत. डाग दिसू लागला की टिकली बंद करून डॉक्टर गाठावा.

नवी वस्तू कुठलीही असो, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावून एक-दोन दिवस थांबा. लग्नाच्या आदल्या रात्री नवं क्रीम उघडू नका.

‘इतकं बघत बसलो तर दुकानदार वैतागेल’

वैतागेलही. रविवारी संध्याकाळी नव्या पेठेत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा अर्धा तास जबड्यावर पट्टी लावून उभं राहणं अवघडच. म्हणून आठवड्यातला एखादा दिवस, सकाळी अकरा-बाराची वेळ निवडा. गर्दी कमी, विक्रेता निवांत, आणि बाहेर खरा उजेड. चेहऱ्यावर काही न लावता जा. टेस्टर नवा चमचा किंवा कापसाची काडी घेऊन काढून द्यायला सांगा. चांगल्या दुकानात याला नाही म्हणत नाहीत.

बिल मागा. बिल नको म्हटलं तर थोडं कमी करून देतो असं कुणी म्हणालं तरी मागा, कारण खोक्यावरचे क्रमांक आणि बिल यांच्याशिवाय तक्रार उभी राहत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदेशीर आहे. सील उघडलेली सौंदर्यप्रसाधनं बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. वस्तू सदोष किंवा बनावट निघाली तर मात्र ती सबब चालत नाही. आधी दुकानदाराशी बोला, मग खोक्यावरच्या ग्राहक सेवेशी, आणि तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. त्वचेला इजा झाली असेल तर उरलेली वस्तू फेकू नका. ती, तिचं खोकं आणि बॅच क्रमांकाचा फोटो घेऊन आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी कळवा.